शेतूरच्या माथी

रविवार, २ ऑगस्ट १९९८. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुरतेतल्या नवागाममधल्या एका खोलीत कानबाईच्या रोटाच्या पुरणपोळ्या करताना शोभाबाई स्टोव्हसमोरून उठायला गेल्या आणि तिथेच कोसळल्या. डोकं भिंतीला घासलं, पण खोक पडली नाही. लुगडं मागून भिजलेलं होतं. त्या ज्या पाटावर बसल्या होत्या त्या पाटावरही रक्त होतं.

खोलीत त्या वेळी त्यांची सून रंजना होती, धाकटा भाऊ हिलाल होता आणि दारात चपला काढत असलेले चुलत दीर लोटूआप्पा होते. मुलगा धर्मेंद्र बाहेर मांडवाला दोरी बांधत होता. आधी पाट दिसला तो आप्पांना. ते दारातच थांबले आणि आत आलेला पाय त्यांनी मागे घेतला.

शोभाबाईंचं वय छप्पन्न. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती.

कानबाई खानदेशातल्या घरांत श्रावणात बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ आणि डोळे लावून तिला पाटावर मांडतात, रात्रभर गाणी होतात, सोमवारी सकाळी वाजत गाजत नदीवर नेतात. घरातल्या पुरुषांच्या मापानं गहू मोजून दळतात, त्याला रोट म्हणतात. रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्या माणसाला त्यातला घासही द्यायचा नाही. या कुळात रोट रांधायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. पूजेला मुलगा आणि सून बसले तरी पोळी तिच्याच हातची. तिची पाळी गेलेली असेल तर अधिक चांगलं, कारण मग विटाळाचा प्रश्नच उरत नाही.

ही कानबाई नवसाची होती. चार वर्षांपूर्वी, प्लेगच्या दिवसांत, धर्मेंद्र तापानं फणफणून दवाखान्यात पडला होता आणि निम्मं नवागाम गावाकडच्या गाड्यांना लटकून निघून गेलं होतं. शोभाबाई गेल्या नाहीत. पोरगा उठला तर सुरतेत माझ्या घरी कानबाई बसवीन, असं त्या बोलल्या होत्या. पोरगा उठला. मग एका वर्षी खोली बदलली, एका वर्षी सुतक आलं, एका वर्षी लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, बंद पडलं. लोटूआप्पा भेटले की विचारत, "वहिनी, देवी तठेच उभी शे, बसाडशी का नही?" यंदा बसवायची, हे शोभाबाईंनी संक्रांतीलाच सांगून टाकलं होतं.

सरबताची सुरुवात त्याही आधीची, दिवाळीच्या सुमाराची. शोभाबाई लिंबायतच्या एका खात्यात बॉबिन भरायला जात. मशिनवर धाग्याचा तूस उडतो आणि घशात बसतो. सगळ्याच बायका खाकरत. कुणी गूळ चघळत, कुणी तंबाखू. शोभाबाईंना कुणीतरी युनानी औषधांच्या दुकानातलं शेतूरचं सरबत सांगितलं. शेतूर म्हणजे तुती. घट्ट, जांभळं-काळं सरबत. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे कोमट पाण्यात. घसा बरा झाला. जीभ जांभळी व्हायची, त्यावरून धर्मेंद्र चिडवायचा, "माय, कोना घरनं चोरी खादं?"

होळीनंतर एका सकाळी शोभाबाईंनी रंजनाकडे प्यायला पाणी मागितलं. माठ त्यांच्या हातापासून वीतभर लांब होता.

"काय आत्याबाई, आज महाराणी का?" रंजना हसत म्हणाली.

"दे. आन देवपान दिवा तूच लाव."

रंजनानं पेला भरला आणि देता देता थांबली. त्या घरात बाई माठाला आणि देवाला हात लावत नाही त्याचं कारण एकच असतं.

"तुमले?"

"हळू बोल."

"आत्याबाई, सहा वरीस व्हयनात."

"माले मोजता येस."

त्या चार दिवस दाराजवळच्या गोधडीवर बसल्या. धर्मेंद्रला सांगितलं, कंबर धरली आहे. त्याच आठवड्यात रंजनाची पाळी आली. तेव्हा धर्मेंद्रनं खात्यातून येऊन खिचडी टाकली आणि ती लागली.

"दोन बाया घरमा," तो भांडं घासत म्हणाला, "आन खिचडी मी करू. एकनी कंबर, एकनं ते. मी कव्हय बसू बाजूले?"

"तू बस ना," शोभाबाई म्हणाल्या. "तशीबी काय चव लागी राहिनी?"

हसण्यावारी गेलं. रंजना मात्र हसली नव्हती. गल्लीतल्या ताराबाईंचं दोन वर्षांपूर्वी असंच सुरू झालं होतं. त्यांना दवाखान्यात नेलं, पिशवी काढायची म्हणाले, आणि त्या परत आल्याच नाहीत. नवागाममध्ये त्या गोष्टीचा अर्थ असा लागला होता, की दवाखान्यात नेलं म्हणून गेल्या. रंजनानं ताराबाईंचं नाव काढलं तेव्हा शोभाबाई म्हणाल्या, "तिनं नाव आठे लेऊ नको," आणि विषय संपवला.

रक्त पुढच्या महिन्यातही आलं. थोडंच. पण दिवसांचा धरबंध राहिला नाही. शेवटी रंजनानं मामेसासऱ्यांना सांगितलं. अशी गोष्ट पुरुषाला सांगायची नसते, पण हिलाल पर्वत पाटियाजवळच्या एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. गोळ्या पुड्यांत बांधायच्या, इंजेक्शनची सुई उकळायची, नंबर पुकारायचा, हे त्याचं काम. घराण्यात औषधातलं त्यालाच कळतं असं सगळे धरून चालत आणि तोही धरून चालला होता.

"मामा, तुमच्या डॉक्टरले इचारा," रंजना जिन्याखाली उभी राहून, खाली बघत म्हणाली. "आत्याबाईनं नाव नका सांगू."

हिलालला विचारणं जड गेलं. सख्ख्या थोरल्या बहिणीचं ते दुखणं डॉक्टरसमोर उच्चारायचं कसं? तो दोन दिवस तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्या गुजराती वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याला एक छोटी बातमी दिसली. परदेशातल्या संशोधकांना प्रयोगशाळेत असं आढळलं होतं, की द्राक्षांच्या सालीत आणि शेतूरसारख्या काही फळांत सापडणारा एक पदार्थ पेशींवर बायकांच्या शरीरातल्या हार्मोनसारखं काम करतो. शेवटच्या ओळीत, माणसांच्या शरीरावर त्याचा काय परिणाम होतो हे अजून माहीत नाही, असं म्हटलं होतं. हिलालनं बातमी कात्रीनं कापून घेतली. शेवटच्या ओळीसकट.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर त्यानं डॉक्टरांना ती दाखवली आणि विचारलं, "साहेब, शेतूरमध्ये असं असतं?"

डॉक्टरांनी चष्मा वर करून वाचलं. "हां, सोयाबीनमध्येही असतं म्हणतात. हल्ली यावर बरंच छापून येतंय. कशाला?"

"असंच."

"खरं असेल," डॉक्टर म्हणाले आणि डबा उघडला.

पुढच्या रविवारी हिलाल नवागामला गेला. धर्मेंद्र बाहेर होता.

"अक्का, ते जांभळं सरबत कव्हयपासून पेस तू?"

"दिवाळीपासून. काबर?"

"मंग बरोबर शे. हाई वाच."

"माले गुजराती वाचता येस का रे, येडा?"

त्यानं वाचून दाखवलं आणि अहिराणीत समजावलं. बाईच्या अंगात एक रस असतो, त्यानं पाळी येते. वय झालं की रस आटतो. शेतूरमध्ये तसाच रस सापडला आहे. ती सहा महिने रोज शेतूर पिते आहे. शेवटची ओळही त्यानं वाचली. त्याच वेळी स्टोव्हवर चहा उतू गेला आणि रंजना तिकडे धावली. शोभाबाई भलत्याच विचारात होत्या.

"मंग हाऊ विटाळ नही?" त्यांनी विचारलं.

हिलालला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्यानं कात्रणाची घडी घातली. "विटाळ कसाना? विटाळ आंगमाईन येस. हाई ते बाटलीमाईन येल शे."

"खरंच?"

"तू आंबा जास्ती खादा आन तोंड उनं, तर त्याले देवीना फोड म्हणशी का?"

शोभाबाईंच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं रंजनाला दिसलं. ती फडकं पिळत म्हणाली, "मामा, डॉक्टर काय बोलनात?"

"डॉक्टर बोलनात, खरं व्हई."

हे खोटं नव्हतं. डॉक्टरांना जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांनी दिलं होतं.

सरबत बंद झालं. उरलेली बाटली रंजनानं मोरीत ओतली. त्यानंतर रक्त थांबलं. पूर्ण वैशाख आणि अर्धा ज्येष्ठ काही नाही. हिलाल आला की विचारायचा, "काय अक्का, कोण डॉक्टर?" आणि शोभाबाई म्हणायच्या, "तू रे बा, तूच." त्या पुन्हा खात्यात जाऊ लागल्या. घसा पुन्हा खरखरायला लागला, पण त्याची तक्रार त्यांनी केली नाही. कानबाईसाठी गहू निवडायला घेतले. लोटूआप्पांना निरोप गेला, सुरतेतल्या सगळ्या भाऊबंदांनी नवागामला यायचं.

जूनच्या मध्यावर रक्त परत आलं. या वेळी जास्त होतं आणि त्याला वास होता.

शोभाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. माठाला हात लावत राहिल्या, देवाला दिवा लावत राहिल्या. रंजनाला कळलं ते आषाढात, पिठाच्या डब्यामागे हात घातला तेव्हा. तिथे शेतूरच्या सरबताची नवी बाटली होती. निम्मी संपलेली.

दुपारची वेळ. धर्मेंद्र दिवसपाळीला गेलेला. रंजनानं बाटली सासूसमोर ठेवली.

"हाई काय शे?"

"घसा दुखस."

"घसा माले माहीत शे. दुसरं?"

शोभाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "सुरू शे."

"सरबतमुळे परत उनं ना? आपण बंद करेल व्हतं. काबर आनं तुमी?"

"सरबत नंतर आनं." त्यांनी एक खडा वेगळा काढला. "आधी रगत उनं. मंग मी बाटली आनी."

रंजनाला आधी समजलं नाही. "रगत उनं म्हणून बाटली?"

"जवलोंग बाटली घरमा शे, तवलोंग ते बाटलीनं शे." शोभाबाईंनी ताट बाजूला सरकवलं. "बाटली नही, तर मंग ते कसानं शे? तू सांग. ताराबाईनं व्हतं त्यानं?"

रंजनानं बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"आन विटाळ व्हयना तर रोट कोण करी? तू पूजामा बसशी. आप्पा सांगतीन, पुढला वरीस. पुढला वरीस मी शे का नही, कोणले माहीत? चार वरीस झायात, ती उभी शे."

"आत्याबाई, आपण उद्या दवाखानामा जाऊ. मी संगे येस."

"कानबाई उठू दे. सोमवारले नदीवर जाऊ दे तिले. मंग तू म्हणशी तठे येस. सिविलले चाल, मुंबईले चाल."

"आन धर्मेंद्रले?"

"त्याले सांगं तर तो आजच नेई. मन्ही शपथ शे तुले. मन्ही नही, कानबाईनी."

रंजना धर्मेंद्रला बोलली नाही. एकदा रात्रीच्या जेवणाला त्यानं आईकडे पाहून विचारलं, "माय पांढरी पडी गयी का वं?" तेव्हा ती म्हणाली, "उपास करी राहिन्यात." तेही खरं होतं. आषाढातल्या एकादशीपासून शोभाबाई एकभुक्त होत्या. बाटली पिठाच्या डब्यामागून काढून त्यांनी फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

हिलालला रक्त परत आल्याचं कळलं ते कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी. शोभाबाईंनीच सांगितलं, आणि बाटलीकडे बोट दाखवलं. त्यानं कपाळाला हात लावला. "परत पेस? तुले सांगं व्हतं ना?" ती कधी आणली, रक्ताच्या आधी की नंतर, हे त्यानं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. "दोन दिवस नको पिऊ," एवढं म्हणून तो मांडवाचे बांबू आणायला गेला.

रविवारी संध्याकाळी धर्मेंद्रनं आईला उचललं. लोटूआप्पांचा मुलगा लक्ष्मण याची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. रंजनानं पाटावर फडकं टाकलं आणि ती अनवाणीच मागोमाग गेली. रिक्षा निघाली तेव्हा मांडवात वीस-पंचवीस भाऊबंद उभे होते आणि स्टोव्ह अजून चालू होता. हिलालनं तो बंद केला.

कानबाई सकाळीच मांडली होती. नारळाची नथ, हिरवं लुगडं, समोर गहू. पोळ्यांची चळत परातीत झाकलेली.

लोटूआप्पा दारात उभे राहून बोलले. "हिलाल, तू पाहुना माणूस. तुन्ही बहीण शे, तुले वाईट वाटस. मालेबी वाटस. पण हाऊ रोट आमना कुळना शे. तो आते खावाना नही."

"आप्पा, तो विटाळ नही. औषधनं शे ते." हिलालनं खिशातून कात्रण काढलं. घामानं ते मऊ पडलं होतं. "हाई वाचा. शेतूरनं असं व्हस. छापेल शे."

आप्पांनी कात्रण घेतलं नाही. "कानबाईले गुजराती वाचता येस का?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आप्पा, मी औषधमा काम करस."

"तू पुड्या बांधस." आप्पांचा आवाज चढलेला नव्हता. "माले एक सांग. औषधनं शे हाई तुले माहीत व्हतं, म्हणजे रगत जास हाईबी माहीत व्हतं. मंग तिले चूलपुढे बसाडं कोणी?"

हिलालनं कात्रण घडी करून खिशात ठेवलं.

कुणी जेवलं नाही. माणसं दोन-दोन, तीन-तीन करून गेली. त्या रात्री गाणी झाली नाहीत. सोमवारी सकाळी लोटूआप्पा एकटे आले, कानबाईचा नारळ टोपलीत घेतला आणि वाजंत्रीशिवाय तापीवर गेले. बसवलेली देवी उठवावी लागते. रोटाला त्यांनी हात लावला नाही. तो बाहेर कुणाला देता येत नव्हता आणि टाकताही येत नव्हता.

सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात ड्यूटीवर डॉ. मृणाल होत्या. नाशिकच्या. मराठी कानावर पडल्यावर रंजना पहिल्यांदा सविस्तर बोलली. सरबत, कात्रण, थांबलेलं रक्त, परत आलेलं रक्त, सगळं. डॉक्टर लिहून घेत होत्या.

"सरबत किती घ्यायच्या?"

"दोन चमचे. दोनदा."

"आणि बंद केल्यावर थांबलं?"

"हो. दीड महिना."

"मग सरबत नसतानाच परत आलं?"

"हो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. धर्मेंद्र भिंतीला टेकून उभा होता. हे सगळं तो आत्ता ऐकत होता.

"शेतूरनं काही झालं का, हे मी सांगू शकत नाही," डॉ. मृणाल म्हणाल्या. "ते जे छापलंय ते काचेच्या बशीतल्या पेशींवर केलेलं काम आहे. दोन चमचे सरबतात त्यातलं किती असतं, पोटातून रक्तात किती जातं, हे इथे कुणी मोजलेलं नाही. झालं असेल, नसेल. पण पाळी जाऊन सहा वर्षांनी रक्त गेलं, तर कारण काही का असेना, पिशवीचा तुकडा काढून तपासायचाच. पहिल्याच वेळी."

"पहिल्या वेळी म्हणजे होळीला," धर्मेंद्र म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता.

डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. शोभाबाईंचं रक्त फार कमी झालं होतं. आधी रक्त चढवायचं, मग पिशवी आतून खरवडून तुकडा घ्यायचा. बाटलीमागे एक माणूस रक्त द्यायला लागेल.

एक बाटली धर्मेंद्रची. दुसरीसाठी लक्ष्मण आला, त्याला आप्पांनीच पाठवलं होतं. आप्पा स्वतःही आले होते, पण वयामुळे त्यांचं घेतलं नाही. ते बाकावर बसून राहिले. धर्मेंद्र म्हणाला, "आप्पा, रोट चालत नही, रगत चालस?"

"ते येगळं, हाई येगळं," आप्पा म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तू जेवना का?"

"रोट खाई राहिनू. एकटाच." धर्मेंद्र दंडावरचा कापूस दाबत होता. "उरेल पीठ शे अजून. रोज करस रंजना, रोज खास मी."

आप्पांनी मान खाली घातली. त्यात कसलाही निवाडा नव्हता.

रंजनाशी धर्मेंद्र कामापुरतं बोलत होता. एकदाच, डबा घेताना म्हणाला, "तुले माहीत व्हतं." ती म्हणाली, "शपथ व्हती." तो म्हणाला, "शपथ," आणि डबा घेऊन निघून गेला.

रक्त चढल्यावर शोभाबाई उठून बसल्या. हिलाल भेटायला आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "देवी नीट गयी ना?" तो म्हणाला, गेली. मग त्यांनी विचारलं, "रोट?" तो खोटं बोलला. सगळ्यांनी खाल्ला म्हणाला.

"डॉक्टरबाईले तो कागद दाखाडना का?"

"दाखाडा."

"काय बोलनी?"

"तपासाले लागी."

"पण शेतूरनंच व्हयनं ना रे?"

हिलालनं खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा मागे सरकवली. "अक्का, तू झोप आते."

पहिला तुकडा दवाखान्यातच तपासला. तो अपुरा निघाला, त्यावरून काही ठरवता येत नाही, असा निकाल आला. दुसऱ्यांदा घ्यायला मधे ताप आला, मग सुट्ट्या आल्या. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुसऱ्यांदा पिशवी खरवडली. या वेळी तुकडा पुरेसा होता. दवाखान्यात गर्दी फार, लवकर निकाल हवा म्हणून धर्मेंद्रनं तो बाटलीत घेऊन नदीकडच्या भागातल्या एका खासगी लॅबमध्ये नेऊन दिला. तळमजल्यावरची लॅब. चार दिवसांनी या, म्हणाले. शोभाबाईंना घरी सोडलं.

चौथ्या दिवसाच्या आत तापीचं पाणी शहरात शिरलं. नवागाममध्ये ते घरापर्यंत आलं नाही, पण रस्ते बंद झाले, वीज गेली, खाती थांबली. पाणी उतरल्यावर धर्मेंद्र चालत लॅबवर गेला. शटर अर्धवट वाकलेलं होतं. आत एक माणूस फावड्यानं गाळ ओढत होता. बाटल्या एका कोपऱ्यात जमा केल्या होत्या, काही फुटक्या, काही धड. धड बाटल्यांवरची नावं पुसून गेली होती.

"आमच्या बाटलीचं काय?" धर्मेंद्रनं हिंदीत विचारलं.

"यातली कुठली तुमची, सांगता येईल का?"

धर्मेंद्रनं उकिडवं बसून पाहिलं. आठ-दहा बाटल्या, प्रत्येकीत तळाशी करडा-पांढरा तुकडा. सगळे सारखे. तो उठला.

डॉ. मृणाल म्हणाल्या, तिसऱ्यांदा तुकडा घ्यायचा, नाहीतर सरळ पिशवीच काढायची. पण दोन्हीसाठी आधी रक्त भरून यायला हवं, आणि आता ते पहिल्यापेक्षा लवकर उतरत होतं. पुराच्या नंतर वॉर्ड तापाच्या रोग्यांनी भरला होता. दसऱ्यानंतर जागा होईल, असं त्यांनी सांगितलं.

रंजनानं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा शोभाबाई दाराजवळच्या गोधडीवर होत्या. तिथून त्या आता उठत नव्हत्या. माठाला हात लावायचा प्रश्न राहिला नव्हता. पाणी त्यांना तोंडाशी धरून द्यावं लागत होतं.

"जाशीन ना तुमी?" रंजनानं विचारलं. "तुमी बोलेल व्हतं, देवी उठनी की येस."

शोभाबाईंनी मान वळवली. "ती बाटली कोठे शे?"

"फळीवर."

"ठेव तठेच."

"जाशीन का, ते सांगा."

"दसरा व्हऊ दे," त्या म्हणाल्या.

१ ऑक्टोबरला दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मेंद्रनं बोलावलेली लक्ष्मणची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. शोभाबाई शुद्धीत होत्या, रक्त जात होतं. त्यांनी अजून हो म्हटलं नव्हतं. दवाखान्यात खाट मिळाल्याचा निरोप आला नव्हता. तुकड्यात काय होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. धर्मेंद्र आईला उचलायला खाली वाकला होता.